एका माणसाच्या उंचीएवढा ढीग

माझा मामा गणपतीच्या दिवसांत सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन गल्लोगल्ली सिनेमे दाखवायचा. दोन बांबूंना ताणून बांधलेला पांढरा पडदा, पडद्याच्या दोन्ही अंगांना बसलेली माणसं आणि मधोमध टेबलावर खडखडणारं ते यंत्र. मामा गेला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही आजोळचा माळा आवरायला काढला, तेव्हा तिथे पत्र्याचे सहा डबे निघाले. पहिल्याचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं. उलथन्याने उचकटलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा आंबट भपकारा खोलीभर पसरला. आतली फिल्म आकसली होती, कडांना लाटा आल्या होत्या. नखाने एक पदर सोडवायला गेले, तर तो खालच्या पदरावरचं चित्र ओढून घेऊनच सुटला. डब्यावरची चिठ्ठी कसरीने खाल्लेली. त्या रिळात काय होतं, हे आता कुणालाही कळणार नाही.

ॲसिटेटच्या फिल्मला हा रोग होतो. ओल आणि उष्मा लागला की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटायला लागतं आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी झपाट्याने नासवतं. एका डब्याची लागण शेजारच्या डब्याला होते. थंड आणि कोरड्या जागी ठेवली, तर हीच फिल्म शंभर वर्षं टिकते. ती वाचते की जाते, हे शेवटी कुणी कुठे ठेवली यावर ठरतं.

जपानच्या सुरुवातीच्या टीव्ही-ॲनिमेशनचा मी गेली काही वर्षं नाद धरला आहे. मिळेल ते बघते, मिळेल ते वाचते. त्यातल्या एका मालिकेपाशी मी पुन्हा पुन्हा येते, कारण हवी तशी ती बघताच येत नाही. मालिकेचं नाव ‘बिग एक्स’. ३ ऑगस्ट १९६४ला, सोमवारी, ती टीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि २७ सप्टेंबर १९६५ला, सोमवारीच, संपली. कृष्णधवल. एकूण ५९ भाग. त्यांतल्या निम्म्याहून अधिक भागांची फिल्म आज हाती नाही. जे भाग वाचले ते बहुतेक शेवटाकडचे आहेत आणि ते डीव्हीडीवर आले. सुरुवातीचे थोडेच उरले. म्हणजे गोष्ट सांगायची, तर पहिलं प्रकरण वाचायचं आणि एकदम उत्तरार्धावर जायचं.

आता एक हिशेब बघा. सोळा मिलिमीटरची फिल्म मिनिटाला छत्तीस फूट पळते. पंचवीस मिनिटांचा भाग म्हणजे नऊशे फूट, म्हणजे एक रीळ, एक डबा. डबा साधारण तीन सेंटीमीटर जाडीचा. ५९ डबे एकावर एक रचले, तर सगळी मालिका एका माणसाच्या उंचीएवढ्या ढिगात मावते. घरातल्या एका लोखंडी कपाटात राहील एवढंच सामान. १९६४ साली ऑलिंपिक भरवणाऱ्या, त्याच ऑक्टोबरात पहिली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावती करणाऱ्या देशाला एवढं कपाट जड नव्हतं. तरीही ते भरलं गेलं नाही, कारण ते भरायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. चलत्‌चित्रावर ज्याला मालकी हक्क हवा आहे, त्याने त्याची एक धड प्रत सार्वजनिक संग्रहात जमा केलीच पाहिजे आणि ती सक्ती कायद्यानेच व्हायला हवी. मालकाच्या मर्जीवर, त्याच्या गोदामाच्या भाड्यावर किंवा एखाद्या जुन्या कामगाराच्या मायेवर हे काम सोडता येत नाही. सोडलं की काय होतं, ते ‘बिग एक्स’ने दाखवलं आहे.

या मालिकेत एवढं काय आहे, असं कुणीही विचारील. मूळ कथा ओसामू तेझुका यांची. बुद्धचरित्रावरच्या त्यांच्या चित्रकथेचे खंड आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांतही दिसतात, तेच तेझुका. ‘बिग एक्स’ची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. माणसाचं शरीर राक्षसी आकाराचं आणि पोलादासारखं अभेद्य करणारं एक औषध नाझींना हवं असतं. त्यासाठी एका जपानी शास्त्रज्ञाला जर्मनीत आणतात. आपण काय बनवतो आहोत हे ओळखून तो मुद्दाम दिरंगाई करतो आणि मरण्यापूर्वी ते गुपित आपल्या मुलाच्या शरीरात दडवून ठेवतो. वीस वर्षांनी ते औषध नातवाच्या, आकिराच्या हाती येतं आणि नव्या नाझी टोळीशी त्याचा सामना सुरू होतो. त्या टोळीत आजोबांच्या जर्मन सहकाऱ्याचा वंशजही आहे.

ही गोष्ट १९६४च्या जपानमध्ये, युद्ध संपून एकोणीस वर्षं झाली असताना, मुलांना सांगितली जात होती. जपान त्या युद्धात जर्मनीचा दोस्त होता. बघणाऱ्या मुलांच्या बापांनी युद्ध भोगलेलं, आयांनी बाँबहल्ले सोसलेले. घरात त्यावर फारसं बोलणं होत नसे. आणि सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मुलगा आजोबांच्या युद्धातल्या शोधाचं ओझं अंगावर वागवतो, त्याच्यासाठी राक्षसाएवढा होतो, पुन्हा लहान होतो. विज्ञान कुणाच्या हातात जातं, वडीलधाऱ्यांनी केलेल्याची जबाबदारी नातवावर येते का, हे प्रश्न त्या समाजाने आपल्या मुलांपुढे कोणत्या शब्दांत मांडले, हे एखाद्या अभ्यासकाला बघायचं असेल, तर त्याच्यापुढे निम्म्याहून कमी पानांचं पुस्तक आहे. मूळ मांगा, म्हणजे छापील जपानी चित्रकथा, उरला आहे, हे खरं. पण मांगा आणि मालिका या दोन वेगळ्या गोष्टी. छापील पानावरचं मूल आणि हलणारं, बोलणारं, तोमिता इसाओंच्या संगीतावर धावणारं मूल एकच असत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. ‘बिग एक्स’ ही तोक्यो मूव्ही या स्टुडिओची पहिली ॲनिमेशन मालिका. तेझुकांची स्वतःची संस्था, मुशी प्रॉडक्शन, तेव्हा ‘तेत्सुवान आतोमु’मध्ये, म्हणजे जगाला ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत असलेल्या मालिकेत, गुंतलेली होती. १ जानेवारी १९६३ला सुरू झालेल्या त्या मालिकेने दर आठवड्याला अर्ध्या तासाचं ॲनिमेशन करता येतं हे दाखवून दिलं आणि प्रत्येक वाहिनीला तसंच काही हवंसं झालं. तोक्यो मूव्हीचे फुजिओका युताका कठपुतळ्यांच्या कामातून आलेले. हाताशी ॲनिमेशनचा अनुभव नाही, अनुभवी माणसं थोडी, आणि दर सोमवार डोक्यावर. मालिका करता करता शिकायचं, असा प्रकार होता. ‘बिग एक्स’ने स्टुडिओला कर्जात घातलं. मग तोएई दोगा या जुन्या ॲनिमेशन स्टुडिओमधून आलेल्या जाणत्या ॲनिमेटरांचा हात लागला आणि पुढे १९६५च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या एका विनोदी भुताच्या मालिकेने स्टुडिओला सावरलं. त्याच तोक्यो मूव्हीतून नंतर बेसबॉलपटूच्या आणि सद्‌गृहस्थ चोराच्या अशा मालिका निघाल्या, ज्यांनी जपानी ॲनिमेशनची भाषाच बदलली.

म्हणजे ‘बिग एक्स’चे पहिले भाग ही एका मोठ्या स्टुडिओची पाटी-पेन्सिल होती. अक्षर वेडंवाकडं असणार. आकिराचा चेहरा एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना बदलत असणार, तोंडं कमी हलत असणार, धावणाऱ्या पायांची तीच चार चित्रं फिरून फिरून येत असणार. सेकंदाला चोवीस चौकटी पळतात, पण पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र तीन चौकटींवर ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, ही काटकसर तेव्हाच रुजली. त्या काटकसरीतून थबकलेला क्षण, रोखलेली नजर, मागे सरकणारं आकाश हे सगळं पुढे कलेचं रूप झालं. ही वाट पहिल्या पावलापासून बघायची असेल, तर नेमके तेच भाग हवेत जे गेले. तयार हाताची चित्रं आपल्यापाशी आहेत, हात तयार कसा झाला ते गेलं.

तारखांकडे बघितलं की मला नेहमी हळहळ वाटते. ‘बिग एक्स’चा शेवटचा भाग २७ सप्टेंबर १९६५चा. ६ ऑक्टोबर १९६५ला, नऊच दिवसांनी, पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची तेझुकांचीच मालिका दुसऱ्या वाहिनीवर रंगांत सुरू झाली. जपानमध्ये रंगीत प्रक्षेपण १९६०च्या सप्टेंबरपासून होतंच, पण दर आठवड्याची रंगीत ॲनिमेशन मालिका आली आणि राखाडी रंगात काढलेलं सगळं एकदम जुनं झालं. रंगीत टीव्ही घेतलेल्या घराला कृष्णधवल मालिका पुन्हा दाखवायची कुणाला हौस नव्हती. पुनःप्रक्षेपण नाही म्हणजे कमाई नाही, कमाई नाही म्हणजे गोदामात जागा नाही. घरी रेकॉर्ड करायची सोय १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ला व्हीएचएस आल्यावर झाली. मधली दहा वर्षं या मालिकांना कुणी वाली नव्हता.

हरवण्याच्या वाटा त्या काळी जवळपास सगळ्यांच्या सारख्याच होत्या. प्रतींचे डबे एका स्थानिक वाहिनीकडून दुसरीकडे फिरत, झिजत, आणि शेवटी परत पाठवायचा खर्च नको म्हणून टाकून दिले जात. निर्मिती संस्था बुडाली, की तिच्या मालमत्तेत सगळ्यात कमी किंमत या डब्यांची. मुशी प्रॉडक्शनसारखी संस्थाही १९७३ साली दिवाळ्यात निघाली. व्हिडिओ टेपची कथा याहून वाईट, कारण दोन इंची टेप इतकी महाग होती की एकाच टेपवर पुसून पुसून नवे कार्यक्रम भरत. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, हेच केलं, ब्रिटनच्या बीबीसीने हेच केलं. पुसणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना टेप वाचवायचं काम दिलं होतं आणि ते त्यांनी चोख केलं. कार्यक्रम वाचवायचं काम कुणाला दिलंच नव्हतं.

मग जे वाचलं ते कसं वाचलं? या प्रश्नाची उत्तरं मी एकेक गोळा करत गेले आणि माझं मत पक्कं होत गेलं.

‘ॲस्ट्रो बॉय’चा ३४वा भाग मुशी प्रॉडक्शनने बाहेर करायला दिला. इशिनोमोरी, फुजिको फुजिओ अशा तरुण मांगाकारांनी मिळून काढलेल्या स्टुडिओ झीरोला. जो तो आपापल्या वळणाचा आतोमु काढत गेला आणि तेझुकांना तो भाग पसंत पडला नाही. त्याची मूळ जपानी फिल्म पुढे उरली नाही. नंतर लोकांना तो बघायला मिळाला, तो अमेरिकेत इंग्रजीत डब करून दाखवलेल्या प्रतीमुळे. आपल्या पोरांना हिंदीतून माहीत असलेल्या डोरेमॉनची पहिली मालिका १९७३ची. ती रंगीत होती, पण नशीब कृष्णधवल मालिकांचंच. एप्रिल ते सप्टेंबर अशी सहा महिने चालली, निर्मिती संस्था मोडली आणि फिल्म पांगल्या. जे थोडे भाग राहिले, त्यांतली काही रिळं त्या मालिकेवर काम केलेल्या एका माणसाने स्वतःजवळ सांभाळली म्हणून राहिली आणि काही फिल्म प्रयोगशाळेच्या साठ्यात सापडली. १९१७ साली कोउची जुनइची यांनी केलेली, बोथट तलवार विकत घेणाऱ्या सामुराईची छोटी ॲनिमेशन फिल्म नव्वद वर्षांनी ओसाकात जुन्या वस्तूंमध्ये मिळाली. आणि जपानबाहेरचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं. त्याचे नऊ हरवलेले भाग २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रात सापडल्याचं जाहीर झालं. तरीही नव्वदहून अधिक भाग बेपत्ता आहेत. त्या बेपत्ता भागांचा आवाज मात्र एकूण एक उपलब्ध आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी टीव्हीच्या स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर धरून तो घरी उतरवून घेतला होता.

यातलं काहीही नियमाने वाचलेलं नाही. परत करायची प्रत कुणी परत केली नाही, फेकायचा डबा कुणी फेकला नाही, घरी न्यायची नाही ती वस्तू कुणी घरी नेली. कराराप्रमाणे सगळे वागले असते, तर आज यातलं काहीच उरलं नसतं. ज्या व्यवस्थेत शिस्तीने वागणाऱ्याच्या हातून वारसा नष्ट होतो आणि चोरून ठेवणाऱ्याच्या हातून तो वाचतो, त्या व्यवस्थेचा कायदा चुकलेला आहे. तो बदलायला हवा.

जपानचा कायदा नेमका कुठे चुकला, तेही सांगते. १९४८च्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या कायद्याप्रमाणे जपानमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत त्या ग्रंथालयात जमा करावी लागते. मांगाची मासिकंसुद्धा. त्यामुळे ‘बिग एक्स’ ज्या मासिकात छापून येत होता, ते मासिक शोधायला जायची जागा निदान ठरलेली आहे. कायद्याने चित्रपटही यात धरले होते, पण पुरवणी कलमात लिहून ठेवलं की फिल्म जमा करण्यापासून ‘तूर्त’ सूट देता येईल. ज्वलनशील नायट्रेट फिल्म, साठवणीचा खर्च, गरीब देश. १९४०च्या दशकात ही सूट मला समजू शकते. पण ते ‘तूर्त’ पाऊणशे वर्षं टिकलं. सगळं टीव्ही ॲनिमेशन त्या एका शब्दाच्या फटीतून वाहून गेलं.

पुढेही संधी आली होती. २००९ साली जपान सरकारने मांगा, ॲनिमे आणि गेम यांच्यासाठी राष्ट्रीय माध्यमकला केंद्र काढायचं ठरवून ११७० कोटी येनची तरतूद केली. विरोधकांनी त्याची ‘सरकारी मांगा कॅफे’ म्हणून टिंगल केली. निवडणूक झाली, सरकार बदललं, केंद्र रद्द झालं. मला या टिंगलीचा मनापासून राग येतो. योजनेत दोष असतील. इमारतीवर जास्त आणि साठवणीवर कमी खर्च होण्याची भीती रास्तही असेल. पण दोष दुरुस्त करायचे सोडून ‘पोरांच्या चित्रांवर पैसा कशाला’ या सुरात सगळंच मोडीत काढलं गेलं. ज्या कलेच्या नावावर देश जगभर मिरवतो, तिच्या रिळांसाठी त्याच्याकडे थंड खोली असू नये? नंतर २०१७मध्ये ॲनिमे आणि स्पेशल इफेक्टचा वारसा जपणारी एक ना-नफा संस्था निघाली, दिग्दर्शक आन्नो हिदेआकी यांच्यासारखी माणसं तिच्यामागे उभी राहिली. २०२०मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा शहरात स्पेशल इफेक्टच्या वस्तूंचं संग्रह केंद्र उघडलं. २०१८मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्वतंत्र झालं. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण मालकाने प्रत आणून द्यावी, अशी सक्ती यांतल्या कुणालाही करता येत नाही.

फ्रान्सने ती केली. १९९२च्या कायद्याने तिथे रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांची प्रत जमा करणं बंधनकारक झालं आणि ते काम राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेकडे दिलं. अभ्यासक तिथे जाऊन बघू शकतो. मालकाचा हक्क मालकाकडेच राहतो, कमाई त्याचीच राहते. कुठलीही वाहिनी यामुळे बुडाली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे : सगळंच ठेवायचं म्हटलं तर ठेवणार कुठे, आणि त्यातलं किती ठेवण्याच्या लायकीचं असतं? माझं उत्तर असं, की लायकी ठरवायचं काम त्या काळातल्या माणसांवर सोडलं की ते हमखास चुकतं. १९६५ साली निवड समिती बसवली असती, तर तिने मंत्र्यांची भाषणं ठेवली असती आणि ‘बिग एक्स’ टाकला असता. आज त्या भाषणांचा मजकूर वर्तमानपत्रात सापडतो. आकिराची चाल कुठेच सापडत नाही. निवड करायचीच तर पन्नास वर्षांनी करा, पण तोवर ठेवा. आणि जागेचं म्हणाल, तर तो माणसाच्या उंचीचा ढीग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. वर्षभर चाललेली मालिका एका कपाटात मावते. संग्रहाचा खरा खर्च थंडाव्याच्या विजेचा आणि जाणत्या माणसांच्या पगाराचा असतो. तो लागतोच, आणि पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी आपण तो कुरकुर न करता करतो.

दुसरा आक्षेप मालकांचा : प्रत बाहेर गेली की चोरी होईल. याचं उत्तर तर मालकी हक्काच्या कायद्यातच आहे. २००४पासून जपानमध्ये चलत्‌चित्रावरचा हक्क प्रदर्शित झाल्यापासून ७० वर्षं चालतो. ‘बिग एक्स’चे १९६४चे भाग निदान २०३४च्या अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे आहेत. उद्या नागोयातल्या एखाद्या आजोबांच्या कपाटात हरवलेला विसावा भाग निघाला, तर त्यांनी तो चार लोकांना जमवून पडद्यावर लावण्याआधी कायद्याची भीती बाळगायची. आणि ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडे चित्रच नाही. ७० वर्षांचं संरक्षण समाजाने दिलं, ते मुदत संपल्यावर कृती समाजाच्या हाती यावी या बोलीवर. मुदत संपेल तेव्हा द्यायला काही शिल्लकच नसेल, तर तो व्यवहार एकतर्फी झाला. म्हणून प्रत जमा करण्याची अट हक्काच्या मुदतीशीच जोडावी, असं मी म्हणते. प्रत आहे तोवर हक्क. पंधरा-वीस वर्षांत प्रत जमा केली नाही, तर ज्याच्याकडे ती निघेल त्याला ती संग्रहात देण्याची आणि संग्रहाला ती लोकांना दाखवण्याची मोकळीक.

या संग्राहकांना अभय द्यायलाच हवं. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे, त्याच्याकडे ती कुठल्या मार्गाने आली हे विचारू नये. विचारलं की तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की डबा त्याच्याबरोबर जातो. एनएचकेने प्रेक्षकांना आणि जुन्या कर्मचाऱ्यांना आवाहन करून घरोघरच्या टेपा मागवायला सुरुवात केली, आणि पुसून टाकलेले कितीतरी कार्यक्रम लोकांच्या कपाटांतून परत आले. मागितलं की लोक देतात.

आपल्याकडे बोट दाखवणारं कुणी नाही म्हणून आपण निर्धास्त राहू नये. फाळक्यांच्या मूकपटांची जी काही रिळं आज बघायला मिळतात, त्यांतली कितीतरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे गेले म्हणून मिळाली. ‘कालिया मर्दन’मध्ये पोहणारी फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी आपण बघू शकतो, ती त्यामुळेच. १९३१चा पहिला भारतीय बोलपट आपल्याकडे नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातचा ऐवज गेला. त्या दिवसाची आठवण काढली की इथली जुनी माणसं अजून गप्प होतात. पुस्तकं आणि वृत्तपत्रं ग्रंथालयात जमा करण्याचा १९५४चा आपला कायदा चित्रपटाचं किंवा टीव्हीच्या कार्यक्रमाचं नावही घेत नाही. २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल वर्षांत मराठी नाटककार, नट, गायक, लेखक त्या स्टुडिओत येऊन गेले. त्यातलं काय काय आहे याची साधी यादी तरी लोकांपुढे यायला हवी. आणि आज मोबाइलवर येणाऱ्या मराठी मालिका ज्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहेत, तिथून त्या एका दुपारी काढून टाकल्या तर दुसरी प्रत कुठे आहे? १९६५च्या जपानमध्ये निदान पत्र्याचा डबा तरी होता. माळ्यावर राहण्याची शक्यता तरी होती.

जपानमध्ये आज या प्रश्नाला मुदत आहे. १९६४ साली आठ वर्षांची असलेली मुलं आता सत्तरीत आहेत. तेव्हा पंचविशीत असलेले प्रयोगशाळेतले कामगार, वाहिनीच्या वाहतूक विभागातले लोक, प्रती ने-आण करणारे नव्वदीकडे चालले आहेत. तिथे घरचं माणूस गेलं की त्याच्या वस्तू आवरून देणाऱ्या कंपन्या असतात. ट्रक येतो, दोन दिवसांत घर मोकळं होतं. आवरणारी पोरं विशी-पंचविशीतली. गंजलेल्या डब्यात काय आहे ते त्यांना कळायचं कारण नाही, आणि झाकण उघडलंच, तर तो आंबट भपकारा आल्यावर ती डबा लांबच टाकतील. प्रत जमा करण्याचा कायदा व्हायला वर्षं लागतील. पण जुनी प्रत आणून देणाऱ्याला काहीही विचारलं जाणार नाही, असं मालकांनी आणि वाहिन्यांनी मिळून जाहीर करायला एक बैठक पुरते. आवराआवर करणाऱ्या त्या कंपन्यांना गोल, चपट्या पत्र्याच्या डब्याचा एक फोटो आणि संग्रहालयाचा फोन नंबर द्यायलाही फार काही लागत नाही.

मामाच्या सहा डब्यांपैकी एक बरा निघाला. फिल्म कोरडी होती, वास नव्हता. तो मी फिल्म जाणणाऱ्या एका माणसाकडे दिला. त्याने पांढरे हातमोजे घातले, दिव्यासमोर दोन हात फीत धरली आणि भिंगातून बघत म्हणाला, “कुणाची तरी मिरवणूक दिसतेय. बँडवाले आहेत, पुढे लहान मुलं नाचतायत.” बाकीचं तो स्कॅन करून देणार आहे. उरलेले पाच डबे मी वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून, एकमेकांपासून लांब ठेवले आहेत.